मी चिडलेय की माझी साखर?

सल्ल्यासाठी आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका पस्तिशीच्या. चोविसाव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं. वर्षभरापूर्वी दंडावर सेन्सर आला. तो दर काही मिनिटांनी साखर मोजतो आणि आकडा त्यांच्या व नवऱ्याच्या, दोघांच्याही फोनवर दिसतो. साखर घसरली की दोन्ही फोन केकाटतात. दोघांनी लाडानं सेन्सरचं नाव ‘चोंबडी’ ठेवलं होतं. सुरुवातीला ‘चोंबडी बोंबलली’ म्हणून हसायचे. आता मात्र त्या जरा आवाज चढवून बोलल्या की नवरा आधी फोनकडे बघतो: ‘थांब, किती आहे बघू दे.’ गेल्या महिन्यात त्यानं दुसऱ्या शहरातली नोकरी यांना न विचारता स्वीकारली आणि भांडण पेटलं. त्यानं फोन पाहिला, आकडा ६२ होता. एक शब्दही न बोलता त्यानं फळाच्या रसाचा ग्लास समोर आणून ठेवला. ‘मी तो प्यायले नाही. प्यायले असते तर माझं सगळं बोलणं खोटं ठरलं असतं.’ थोड्या वेळानं हात इतके थरथरायला लागले की ग्लास त्यालाच धरावा लागला. शेवटी माफीही यांनीच मागितली. बहीण म्हणते, असा नवरा मिळायला नशीब लागतं. नवरा म्हणतो, रात्री अलार्म वाजला की उठतो मी. त्यांना आता आकडा त्याच्या फोनवर जाणं बंद करायचंय आणि तो कृतघ्नपणा होईल का, असं त्या विचारतात. शेवटी एक ओळ आहे: ‘आणि या आजारावर विनोद करण्याचाही मला कंटाळा आलाय.’

प्रिय मैत्रिणी,

आधी ग्लासचं बोलू, कारण बाकी सगळ्यात मी बरीचशी तुमच्या बाजूनं आहे आणि यात नाही. तो रस तेव्हाच प्यायला हवा होता. आकडा ७०च्या खाली गेला की वाद बंद, साखर सुरू. १५ ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर घ्यायची. म्हणजे अर्धा कप रस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. हे तुम्हाला पाठ असणार. तरी लिहिते, कारण त्या दिवशी ते पाठ असूनही तुम्ही केलं नाहीत, आणि का केलं नाहीत हे मला नीट कळतं. मीही बरीच वर्षं इन्सुलिनवर आहे. समोर आलेला ग्लास कधीकधी रसाचा नसतो, निकालपत्राचा असतो.

पण त्या ग्लासात निकाल आहे हे ठरवलं कुणी? नवऱ्यानं ठरवलं आणि तुम्ही ते मान्य केलंत. इथेच मला थांबायचंय. तुमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, आणि ती गोष्टच मला चुकीची वाटते. साखर कमी असताना आलेला राग खोटा, असं तो मानतो. तुम्हीही मनातून तेच मानता, म्हणून तर ग्लास नाकारलात.

शरीरात काय होतं ते बघा. मेंदू जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो आणि त्याचा साठा स्वतःकडे फारसा ठेवत नाही. साखर घसरू लागली की शरीर घाबरून अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही सगळी त्याचीच देणगी. अन्याय झाला म्हणून माणूस पेटून उठतो तेव्हाही हेच अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. तेव्हा ६२वर तुमचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला असेल, शब्द जास्त धारदार आले असतील, एखादा शब्द नको तो आला असेल, हे मान्य करून टाका. त्यात कमीपणा नाही. पण नवऱ्यानं न विचारता नोकरी घेतली ही गोष्ट साखरेनं तयार केली नाही. साखर नीट असताना, ११०लाही, ती तितकीच खरी होती. कमी साखर माणसाचा ब्रेक सैल करते, तक्रारीचा मजकूर ती लिहीत नाही.

शिवाय यात एक मजेशीर अन्याय आहे. त्याच्या रागाला मीटर नाही. तो झोप न झाल्यामुळे खेकसतो, पोटात काही नसताना खेकसतो, साहेबांचा राग घरी आणतो, आणि त्या प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं हे त्याचं ‘म्हणणं’ असतं. तुमचं म्हणणं मात्र आधी प्रयोगशाळेतून पास होऊन यावं लागतं. ६२ असेल तर ‘लो आहे म्हणून’. २४० असेल तर ‘तरीच’. आणि कधी नेमका ११० निघाला, तर तो आणखी वैतागतो, कारण आता खरंच ऐकून घ्यावं लागणार!

आता त्याची बाजू. ती तुमच्या पत्रात फक्त एका वाक्यात आलीय, म्हणून मी थोडी लांबवते. त्याची भीती मनाचा खेळ नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप वनच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतूंचं नुकसान खूप कमी होतं, हे त्यात पक्कं झालं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की काटेकोर गटात दुसऱ्याची मदत लागण्याइतकी साखर कोसळण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होते. आजची इन्सुलिनं आणि सेन्सर तेव्हापेक्षा खूप चांगले आहेत, तरी पेच तोच आहे. तुमची साखर जितकी नीट राहावी असं त्याला वाटतं, तितकी ती खाली घसरण्याच्या जवळ जाते. अशा माणसाला रात्री अडीचला फोन केकाटून सांगतो, ‘५४’. तो उठतो, तुम्हाला हलवतो, तुम्ही झोपेत शिव्या घालता, रस पिऊन परत झोपता. तो मात्र छताकडे बघत पडतो. वर अर्ध्या वेळा तो अलार्म खोटाही असेल, कारण तुम्ही सेन्सरच्या दंडावर झोपलेल्या असता. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. त्यावर दाब आला की तो उगाच खालचा आकडा दाखवतो. अशा वेळी बोटाला टोचून खात्री करायची, हे त्याला माहीत आहे का? नसेल तर आजच सांगा. त्याच्या निम्म्या धसक्याचं औषध तेच आहे.

दुसरंही एक सांगा: सेन्सरचा आकडा काही मिनिटं मागे असतो. रस प्यायल्यावर रक्तात साखर वर गेलेली असते, चोंबडी अजून ‘लो लो’ करत असते. या काही मिनिटांनी किती माणसांना रात्री तीन वाजता उघड्या फ्रिजसमोर उभं केलंय! हाताला लागेल ते, आधी गोड, मग खारट, मग पुन्हा गोड. पहाटे आकडा २८०. मग त्या २८०चा राग येऊन इन्सुलिनची दोन युनिट जास्त टोचायची. ती लागू पडतात कार्यालयातल्या बैठकीत, नेमकं आपण बोलायला उभं राहिल्यावर. जेवणाआधीचं इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत राहतं. रागाला एवढा धीर नसतो.

हे सगळं ज्यानं अनुभवलं नाही, त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ‘काय खाल्लंस?’ तुमचा नवराही तो विचारतो असं तुम्ही लिहिलंय, ‘तेही पोलिसासारखं’. या प्रश्नामागचं गृहीतक उघडून बघायला हवं, कारण ते फक्त तुमच्या घरात नाही. आकडा वाढला म्हणजे काहीतरी गुन्हा झाला, आणि गुन्हा तोंडावाटेच झाला, असं ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात झोप कमी झाली तरी साखर वाढते. सर्दीताप आला, परीक्षा किंवा भाषण असलं, पाळी जवळ आली तरी वाढते. पहाटे तर शरीर स्वतःच्या हार्मोन्सनी ती वाढवतं, तेव्हा आपण बिचारे झोपेत काहीही खात नसतो. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचून तिथे गाठ झाली असेल तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. उन्हात राहिलेलं इन्सुलिनचं पेन निकामी होतं. उलट आज केलेला व्यायाम मध्यरात्री साखर खाली ओढू शकतो. तेच ताट, तेच युनिट, लागोपाठचे दोन दिवस, आणि आकडे १३० आणि २३०. निरोगी स्वादुपिंड हे काम क्षणोक्षणी, न सांगता करतं. तुमचं ते काम रोगप्रतिकारशक्तीनं चुकून मोडून टाकलं, आणि आता तुम्ही तेच अंदाजानं, पेन घेऊन, नोकरी आणि संसार सांभाळून करता. तेव्हा तो आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. पुढे काय करायचं ते ठरवायला तो लागतो, इतकंच.

घरच्यांना म्हणून एक सूचना, आणि ही टाइप वन असलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही आहे. शाळेत बसलेल्या पोराच्या फोनवर ‘२६०!! काय खाल्लंस??’ असा संदेश येतो, तेव्हा पोरगं एवढंच शिकतं की सेन्सर कसा बंद ठेवायचा. मागे काय झालं ते विचारण्याऐवजी ‘काही हवंय का?’ विचारून बघा. आणि घरी आल्यावर आधी माणसाची चौकशी, आकड्याची नंतर.

आता कृतघ्नपणाचं. ११ जानेवारी १९२२ला टोरांटोच्या एका रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनचा अर्क टोचला गेला. त्याआधी या आजारावर उपचार म्हणजे जवळजवळ उपासमार होती आणि ती पाळूनही मुलं जात. पण तो पहिला अर्क अशुद्ध होता. साखर थोडीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. कुणी त्या मुलाला ‘नशीब समज, इन्सुलिन तरी मिळालं’ म्हणून गप्प बसवलं नाही. त्याच गटातले जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध करायला घेतला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचलेल्या इंजेक्शनानं काम केलं. मला ही गोष्ट आवडते ती त्या गळवासाठी. जीव वाचवणाऱ्या गोष्टीबद्दलही तक्रार करता येते, आणि ती ऐकली की गोष्ट सुधारते. तुमचा सेन्सर आणि तुमचा नवरा, दोघांनाही हे लागू आहे. बहिणीला सांगा, नशीब आहेच, आणि तक्रारही आहे.

मग आकडा त्याच्याकडे जाणं बंद करायचं का? माझं मत: आत्ता नको. पण आहे तसंही नको. एक प्रश्न स्वतःला खरं खरं विचारा. साखर उतरताना तुम्हाला ते अजून कळतं का? घाम, थरथर या खुणा वर्षं जातात तशा, आणि वारंवार लो झाल्यानं, बोथट होऊ शकतात. त्या बोथट झाल्या असतील तर दुसऱ्याचा फोन चालू राहिलाच पाहिजे, मग भांडण कितीही होवो. त्या दिवशी थरथर उशिरा आली, ६२वर तुम्हाला काहीच जाणवलं नव्हतं, असं पत्रावरून वाटतं. हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. लक्ष्य थोडं सैल करून काही आठवडे लो टाळले तर या खुणा बऱ्याचदा परत येतात.

खुणा शाबूत असतील तर जोडणी ठेवा, पण तिचा आवाका छाटा. बहुतेक अ‍ॅपमध्ये बघणाऱ्याच्या फोनचे अलार्म वेगळे लावता येतात. त्याला वरच्या आकड्यांचा एकही अलार्म नको. तो तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा विषय. खालचा अलार्म त्याच्याकडे ५५ला लावा. तुमचा ७०ला वाजेल, तुम्ही रस घ्याल, आणि बहुतेक वेळा त्याला काही कळणारही नाही. दिवसभर आलेख उघडून बघायची सवय त्यानं सोडावी. ती प्रेमातून आली असेल, पण शेअर बाजारासारखं आपल्याकडे कुणी बघत राहिलं की जीव गुदमरतो.

राहिलं भांडण. भांडणात आकडा काढायचाच नाही, असा नियम मी सुचवणार नाही. तो धोक्याचा आहे, कारण लो असताना आपण लो आहोत हे आपल्याला सगळ्यांत शेवटी पटतं. त्याऐवजी शांत असताना, आधीच, एक करार करा. त्यानं एका भांडणात एकदाच म्हणायचं, ‘मोजतेस का?’ तुम्ही वाद न घालता मोजायचं, कमी असेल तर वाद न घालता प्यायचं. पिणं म्हणजे हार नाही, हे दोघांनी तोंडानं कबूल करायचं. मग थांबायचं, आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं, कारण आकडा वर आला तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. आणि करारातलं सगळ्यांत महत्त्वाचं कलम: थांबलेला विषय पुन्हा काढायची जबाबदारी त्याची. ज्यानं आकडा दाखवून बोलणं थांबवलं, त्यानंच तासाभरानं येऊन म्हणायचं, ‘हं, तू नोकरीबद्दल काय म्हणत होतीस?’ हे कलम त्यानं पाळलं तर ग्लासचा अर्थच बदलेल. नाही पाळलं, तर त्याला तुमच्या साखरेची काळजी होती की तुमच्या प्रश्नापासून सुटका हवी होती, हे तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

विनोदाचा कंटाळा आलाय म्हणता, तर करू नका ना! आजारी माणसानं हसतमुख राहून भोवतालच्यांना हलकं वाटू द्यावं, असा काही कायदा नाही. ‘इंजेक्शन? बापरे, मला तर जमलंच नसतं’ म्हणणाऱ्याला ‘न जमवून कसं चालेल, दुसरा पर्याय मरायचा आहे’ असं सपाट आवाजात सांगितलं तरी चालतं. कुणाच्या तरी आजोबांचा कापलेला पाय, कुणी तरी अमुक झाडाची साल उगाळून पिऊन बरा झालेला चुलता, या कथांना ‘बरं’ एवढं उत्तर पुरतं. साल चाखायची तर चाखा, पण त्या नादात इन्सुलिन सोडू नका. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद झालं की रक्तात आम्लं साचून काही दिवसांतच जिवावर बेततं. आणि कंटाळा विनोदापुरता नसेल, मोजण्याचा, टोचण्याचा, सगळ्याचाच असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मधुमेह सांभाळण्याच्या या थकव्याची मोजपट्टी विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्येच प्रश्नावलीच्या रूपात प्रसिद्ध केलीय. त्यावर बोलता येतं, मदत मिळते. आळशीपणा म्हणून तो स्वतःच्या खात्यावर मांडू नका.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात सेन्सरबद्दल साडेतीन पानं आहेत आणि नवऱ्यानं न विचारता दुसऱ्या शहरातली नोकरी घेतली, याला एक ओळ. माफी मागून झाल्यावर तो विषय घरात पुन्हा निघालेलाच नाही, असं दिसतं. म्हणजे त्या संध्याकाळी फक्त साखर वर आली, भांडणाचं कारण होतं तिथेच राहिलं. चोंबडीला दंडावरून काढून टाकलंत तरी ते तिथेच राहील.

तेव्हा या आठवड्यात, जेवण होऊन तास-दोन तास झालेले असताना, आकडा स्थिर असताना बसा. त्याचा फोन दुसऱ्या खोलीत. तुमचा अलार्म चालू, रस हाताशी. विषय नोकरीचा काढा. जाणार कोण, कधी, तुमच्या नोकरीचं काय, आणि तो आधी एकटा गेला तर रात्री अडीचच्या अलार्मला उठणार कोण? तो दूर असेल तर आज नकोशी वाटणारी जोडणी कदाचित तुम्हालाच हवी होईल. मग शेजारच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे घराची दुसरी किल्ली लागेल, आणि ग्लुकागॉन, म्हणजे साखर फार कोसळली तर ती वर आणणारं तातडीचं औषध, कुठे ठेवलंय, ते कसं द्यायचं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही का ओतायचं नाही, हे त्या माणसाला शिकवावं लागेल. तुमच्या नवऱ्याला हे येतं का, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. आधी नोकरीचं ठरू द्या, मग जोडणीचं ठरवा.